अंथरुणाला खिळलेले माणूस घरी असताना: शुभंकराने स्वतःचा ताण कसा सांभाळावा

घरातल्या माणसाला पक्षाघाताचा झटका येतो, काही दिवस अतिदक्षता विभागात आणि वॉर्डात जातात, आणि मग एका दुपारी डिस्चार्जचे कागद, औषधांची यादी आणि "आता घरीच काळजी घ्या" हे वाक्य घेऊन आपण रुग्णवाहिकेतून परत येतो. त्या कागदांत गोळ्यांच्या वेळा असतात, फिजिओथेरपीचे व्यायाम असतात, दर दोन तासांनी कूस बदलण्याची सूचना असते. मात्र हे सगळे जो करणार आहे त्याच्यासाठी त्यात एक ओळही नसते.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांत आजारी माणसाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना हे शब्द जरा सोवळ्यातले वाटतात, पण 'पेशंटचे नातेवाईक' यापेक्षा ते बरे, कारण त्यांत करणाऱ्याच्या कामाला नाव मिळते. मी माझ्या सासूबाईंची साडेचार वर्षे शुभंकर होते. त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. उरला होता तो एकच शब्द, 'नको', आणि तो त्या पाणी हवे असतानाही म्हणत. त्या काळात "मन खंबीर कर" हे मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून, शहाळ्यांच्या पिशवीसोबत ऐकले. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण खंबीरपणा मनातून ओढून काढायची वस्तू आहे हा समज मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. माझ्या अनुभवाने तो झोपेच्या तासांत, कामाच्या वाटपात आणि ऐन वेळी उचलल्या जाणाऱ्या फोनमध्ये असतो, आणि म्हणूनच तो थोडाथोडा बांधता येतो.

ताण 'मनाचा' असतो हेही अर्धेच खरे आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, ही जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम करून ती भरून येण्याचा कालावधी मोजण्यात आला. काळजी घेणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. आपला सर्दी-खोकला हटत नाही, हिरड्या सुजतात, पित्त उसळते, तेव्हा त्यात नुसत्या हवामानाचा दोष नसतो.

आधी सात दिवसांची वही

सुरुवात कोणत्याही ध्यानधारणेने न करता एका साध्या वहीने करावी. सात दिवस, सकाळी उठल्यापासून दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत, शुश्रूषेची किती कामे केली आणि प्रत्येकाला किती मिनिटे लागली हे जमेल तसे टिपून ठेवावे. डायपर बदलणे, स्पंज, भरवणे, गोळ्या कुटून देणे, धुणे, फिजिओच्या वेळी थांबणे, मेडिकलमध्ये जाणे, पाहुण्यांना चहा करणे, हे सगळे त्यात यावे. पाहुण्यांचा चहा तर आवर्जून यावा. शेजारी आणखी दोन रकाने ठेवावेत: सलग झोप किती तास झाली, आणि आज कोणत्या क्षणी डोके फिरले.

ही वही दोन कारणांसाठी लागते. एक तर "मला काहीच झेपत नाही" या धूसर भावनेला आकडा मिळतो, आणि ज्याला आकडा आहे त्यातून काही वजा करता येते. माझ्या वहीत सातव्या दिवशी दिसले की सगळ्यांत जड काम डायपरचे नव्हते. ते दुपारी साडेतीन ते सहाच्या दरम्यान होते, जेव्हा शाळेतून आलेला मुलगा, सासूबाईंचा फळांचा रस, फिजिओ आणि कुकर हे चारही एकाच वेळी माझ्यावर येत. फिजिओची वेळ सकाळी अकरावर नेली, एवढ्या एका बदलाने संध्याकाळ माणसात आली. दुसरे कारण असे की ही वही पुढे घरच्या बैठकीत पुरावा म्हणून कामाला येते.

रात्र दुरुस्त केल्याशिवाय बाकी काही दुरुस्त होत नाही

एकूण सहा तास झोप झाली, पण ती दर दीड तासाने तुटली, तर ती सहा तासांची झोप धरू नये. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या टप्प्यात येतो आणि वारंवार उठावे लागले की नेमका तोच कापला जातो. म्हणून उद्दिष्ट तासांच्या बेरजेचे न ठेवता चार तासांच्या सलग तुकड्याचे ठेवावे. घरात दोन मोठी माणसे असतील तर 'ज्याला जाग येईल तो उठेल' ही पद्धत ताबडतोब बंद करावी, कारण तिच्यात दोघेही अर्धवट जागे राहतात आणि प्रत्यक्षात एकच उठतो. कोण, ते सांगायला नको. एकाने रात्री दहा ते दोन आणि दुसऱ्याने दोन ते सहा अशी पाळी लावावी, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपावे. दार लावणे हा या पायरीतला सगळ्यांत अवघड भाग आहे.

रात्रीची कामे कमी करण्याच्या काही युक्त्या आहेत. पलंगावर मेणकापड आणि चादर, आणि त्यावर पुन्हा मेणकापड आणि चादर, असे दोन थर घालून ठेवले की रात्री वरचा थर नुसता ओढून काढता येतो आणि अडीच वाजता दिवा लावून, माणूस कुशीवर धरून नवी चादर घालण्याची कसरत टळते. शुभार्थीच्या औषधांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये. पडून पडून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घेतली म्हणजे कूस बदलणे संपले असा समज असतो, तो चुकीचा आहे, पण त्वचा चांगली असेल तर रात्रीपुरते अंतर वाढवता येते का हेही डॉक्टरांना किंवा अनुभवी परिचारिकेला विचारण्यासारखे आहे. असे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, कारण ते आपल्या सोयीचे वाटतात. ते सोयीचेच आहेत आणि विचारलेच पाहिजेत.

घरची बैठक: 'मदत करा' हे वाक्य वापरू नये

एका घरात साधारणपणे एकच शुभंकर असतो आणि बाकीचे 'फोन करून चौकशी' करणारे असतात. यात दुष्टपणा क्वचित असतो. बहुतेकांना काय करायचे ते माहीत नसते आणि विचारले तर आपल्यावर सगळेच येईल अशी धास्ती असते. म्हणून मागणी अशी करावी की तिला सुरुवात आणि शेवट दिसेल. "ताई, तुम्ही कधीतरी या ना" याला काही अर्थ नाही. "ताई, दर महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी या आणि रविवारी रात्री जा, तेवढे दोन दिवस मी माहेरी जाईन" याला हो किंवा नाही म्हणावेच लागते. माझ्या नणंदेने पहिल्या वेळी नाही म्हटले, दुसऱ्या महिन्यात हो म्हटले, आणि आल्यावर पहिल्याच रात्रीनंतर तिने माझ्याशी बोलण्याचा सूर बदलला.

लांब राहणाऱ्यांनाही कामे असतात. औषधे ऑनलाइन मागवणे, विम्याचे कागद आणि बिले सांभाळणे, डायपरच्या साठ्यावर लक्ष ठेवणे हे बंगळुरूहून किंवा न्यू जर्सीहूनही करता येते. बंगळुरूचे दीर रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच व्हिडिओ कॉलवर आईंपुढे बसत, पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत आणि समोरून येणाऱ्या 'नको'ला उत्तरे देत. तेवढी तीस मिनिटे मी खोलीत नसे. महिन्याला ती पंधरा तास होतात, आणि त्यांचा खर्च शून्य होता.

बैठकीत पैशांचे बोलणे शेवटी न ठेवता आधी करावे. ज्याचा वेळ जातो आणि ज्याचे पैसे जातात ती दोन्ही माणसे स्वतःलाच जास्त घासल्यासारखे समजतात, आणि वही पुढे ठेवली नाही तर हा वाद कित्येक वर्षे चालतो.

पगारी मदत आणि सकाळी पावणेआठचा फोन

परवडत असेल तर दिवसातील काही तासांसाठी तरी ब्यूरोकडून मावशी किंवा अटेंडंट ठेवावा, आणि "आपल्या माणसाचे परक्याने करायचे?" या प्रश्नाला फार किंमत देऊ नये, ज्यांना तो पडतो त्यांनी एक रात्र करून बघावी. मात्र मावशी आल्या म्हणून ताण संपत नाही, तो रूप बदलतो. आमच्याकडे त्या आठला येत, आणि पावणेआठला मोबाइल थरथरला की माझ्या पोटात गोळा येई, कारण त्या वेळच्या फोनचा अर्थ एकच असे: आज सुट्टी. या भीतीवरचा उपाय म्हणजे सुट्टी गृहीत धरून आखणी करणे. दुसऱ्या एका ब्यूरोचा क्रमांक, शेजारच्या एका व्यक्तीची तासाभराची कबुली आणि 'मावशी-नसलेला-दिवस' असे वेगळे वेळापत्रक फ्रीजवर लावून ठेवावे. त्या वेळापत्रकात पूर्ण आंघोळीऐवजी स्पंज असावा, जेवायला खिचडी असावी आणि धुणे दुसऱ्या दिवशी असावे. कोणत्या दिवशी काय सोडायचे हे शांत डोक्याने आधी ठरवलेले असले की ऐन वेळी सोडताना अपराधी वाटत नाही.

डोके फिरते तेव्हा

तिसऱ्या महिन्यातली एक संध्याकाळ मी विसरलेले नाही. मी भाताची पेज भरवत होते, आईंनी ओठ घट्ट मिटले आणि डाव्या हाताने वाटी ढकलली, पेज माझ्या अंगावर सांडली, आणि मी ती स्टीलची वाटी भिंतीवर फेकली. त्या "नको, नको" म्हणत रडू लागल्या. भिंतीवरचा पोचा अजून आहे.

अशा क्षणासाठी आधीच पाठ केलेला क्रम हवा, कारण त्या वेळी सुचत काही नाही. शुभार्थीला सुरक्षित कुशीवर ठेवावे किंवा उशांनी टेकवावे, तोंडात घास राहिला नाही ना ते पाहावे, पलंगाचा कठडा वर करावा आणि खोलीबाहेर पडावे. दहा मिनिटे रडल्याने त्यांचे काही बिघडत नाही. आपला हात उठला तर दोघांचेही बिघडते. बाहेर गेल्यावर चार आकडे मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा ते आठ आकडे मोजत सावकाश सोडावा, असे तीन-चार मिनिटे करावे. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते, हा शरीराचाच गुण आहे. त्यासाठी पद्मासन, उदबत्ती यांपैकी काही लागत नाही. मी गॅसच्या ओट्याला टेकून करत असे. मनगटांवर गार पाणी सोडणे, गच्चीवर एक चक्कर, हेही चालते. मोबाइल मात्र उघडू नये, कारण दहाची चाळीस मिनिटे होतात आणि मग त्याचाही राग येतो.

भडका शमल्यावर करायचे काम जास्त महत्त्वाचे आहे: 'असे का झाले?' याचे आजारात कारण शोधणे. पक्षाघातानंतर अनेकांना गिळण्याचा त्रास होतो. आमच्याकडे आलेल्या स्पीच थेरपिस्टने पेज दाट करायला, आईंना ताठ बसवायला आणि गिळताना हनुवटी किंचित खाली आणायला शिकवले, आणि आठवडाभरात ओठ मिटणे थांबले. तो हट्ट नव्हता. पातळ पेज श्वासनलिकेत जाऊन ठसका लागण्याची भीती होती, जी त्या सांगू शकत नव्हत्या. तसेच, झटक्यानंतर काहींना कारण नसताना रडू किंवा हसू कोसळते, तेही मेंदूच्या इजेमुळे. आपण कुठे कमी पडलो असा त्याचा अर्थ नसतो. माझ्या वहीतल्या 'डोके फिरले' रकान्यातल्या जवळजवळ अर्ध्या नोंदी लक्षणाला स्वभाव समजल्यामुळे झालेल्या होत्या.

वाक्यातला 'च'

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचे सूत्र थोडक्यात असे, की घटना आणि आपला त्रास यांच्या मध्ये आपलाच एक विचार उभा असतो, आणि इच्छेचा जेव्हा अट्टहास होतो तेव्हा तो विचार सर्वांत जास्त छळतो. मराठीत हा अट्टहास पकडणे सोपे आहे, कारण तो बहुधा 'च' ला धरून येतो. 'मीच केले पाहिजे.' 'त्यांनी मला समजून घेतलेच पाहिजे.' 'माझ्याकडून चूक होताच कामा नये.' रात्री वहीत दिवसभरातले असे एक वाक्य लिहावे आणि खाली ते 'च' शिवाय पुन्हा लिहावे: 'त्यांनी समजून घेतले तर मला बरे वाटेल, नाही घेतले तर वाईट वाटेल, आणि तरी उद्याचा स्पंज होईल.' हे वाक्य सुखाचे नाही, पण त्याच्यासोबत झोप लागू शकते. रोज नवे वाक्य सापडेलच असे नाही. माझे तर वर्षभर दोनच वाक्यांवर चालले.

एका विचाराबद्दल मात्र उघडपणे लिहायला हवे, कारण त्याची लाज फार जण एकट्याने वाहतात. 'आता यांनी सुटावे' हा विचार दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनात येतो. तो येणे म्हणजे प्रेम संपणे नव्हे आणि गुन्हाही नव्हे. दुसऱ्याच्या यातना आणि आपला थकवा दोन्ही संपावेत एवढाच बहुधा त्याचा आशय असतो. एखाद्या शुभंकर गटात तो बोलून पाहावा. समोरच्या मानाच हलताना दिसतील.

त्याच्या शेजारीच एक न ओळखलेले दुःख असते. माणूस समोर आहे, पण ज्याच्याशी आपण भांडायचो, ज्याला लोणच्याचे प्रमाण विचारायचो, तो नाही. पॉलीन बॉस या संशोधिकेने अशा वियोगाला वेगळे नाव देऊन त्याचा अभ्यास केला. आपल्याकडे त्याला 'असून नसणे' हा शब्दप्रयोग आधीपासूनच आहे. त्याचे सुतक पाळले जात नाही, भेटायला कोणी येत नाही, म्हणून ते थकव्याच्या किंवा चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडते. मला उपयोग झाला तो आईंच्या हस्ताक्षरातली पाककृतींची वही त्यांच्याच शेजारी बसून मोठ्याने वाचण्याचा. रडू यायचे, आणि मग चकलीच्या भाजणीपाशी त्या न चुकता "नको" म्हणायच्या.

मदत कधी घ्यावी आणि कुठे

दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास असणे, कशातच रस न वाटणे, संधी असूनही झोप न लागणे, जेवण तुटणे किंवा बेसुमार वाढणे, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार घ्यावासा वाटणे, शुभार्थीवर हात उठणे, यांतले काहीही असेल तर डॉक्टरांना भेटावे. स्वतःला किंवा शुभार्थीला संपवण्याचा विचार मनात आला, तर वाट न पाहता त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे आणि एकटे राहू नये. धोका समोर दिसत असेल तर थेट जवळच्या रुग्णालयात जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे, आणि शुभंकर स्वतःच सत्तरीचा असेल, जसे की पत्नीची काळजी घेणारे आजोबा, तर तिचा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर असावा. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात कमी खर्चात तपासणी होते, तर ठाण्यातील आयपीएचसारख्या मानसिक आरोग्य संस्थांत समुपदेशन मिळते.

डॉक्टरांपुढे बसल्यावर "थोडा थकवा आहे" असे म्हणून विषय आवरता घ्यायची आपली सवय असते, म्हणून वहीच सोबत न्यावी. काळजी घेणाऱ्याचा भार मोजण्यासाठी स्टीव्हन झॅरिट यांची २२ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली जाते, ज्यात एकूण गुण ८८ पर्यंत जातात, ती तज्ज्ञाकडून भरून घेतली की संभाषण "कसं चाललंय?" च्या पुढे जाते. आणि स्वतःची रक्तदाबाची, थायरॉइडची गोळी शुभार्थीच्या डब्यातच, त्याच वेळेच्या खणात ठेवावी. त्यांची एकही गोळी न चुकवणाऱ्या माणसाची स्वतःची गोळी आठवडाभर चुकलेली असते.

शुश्रूषा संपल्यानंतर

शुभार्थी गेल्यानंतर नातेवाईक "सुटल्या बिचाऱ्या" म्हणतात आणि तेराव्यानंतर घर रिकामे होते. शुभंकराचे शरीर मात्र लगेच सुटत नाही. पहिले काही महिने रात्री दोनला जाग येईल, हात आपोआप डायपरच्या पुड्याकडे जाईल, आणि दुपारचे मोकळे तास अंगावर येतील. या काळात हवेची गादी, व्हीलचेअर, उरलेले पुडे ज्यांना हवे त्यांना जरूर द्यावेत, पण एकाच दिवशी सगळी खोली मोकळी करू नये. झोपेची वेळ तीच ठेवावी, संध्याकाळी बाहेर पडण्याची वेळही तीच ठेवावी, आणि नोकरी, घर बदलणे अशा मोठ्या निर्णयांना शक्य असेल तर थोडे लांबवावे. आमचे दीर पाच वाजता फोन करत राहिले. समोर फक्त मी असे, पहिल्या पंधरा दिवसांत बोलायला फारसे काही नसे, म्हणून ते नेहमीसारखी पेपरातली बातमी वाचत आणि मी ऐकत असे.